जयाताईंच्या आधी

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही. चहा गाळला की गाळणीत पूड राहते, तसे ते मागे राहतात. चौलला आमचं छोटंसं इंटरनेटचं ऑफिस आहे. मालक नंदूशेठ, खांबांवर चढणारा सलीम आणि मी. रेवसपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर लोकांच्या गच्च्यांवर नेट पोचवणारे आमचे बॉक्स आहेत. कुठला चालू, कुठला बंद, हे हिरव्या-लाल ठिपक्यांनी सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. पुस्तकं वाचून, चुकतमाकत. त्यामुळे बरेचसे किस्से त्याचेच!

*

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जयाताईंचा बर्फाचा कारखाना आहे. होड्या किनाऱ्याजवळ आल्या की बर्फाची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते. एका सकाळी त्यांचं नेट गेलं आणि आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार!

त्यांचा फोन आला. मला त्या मास्तरच म्हणतात. "मास्तर, दर वेली मीच तुमाला सांगाचा, का माजा नेट गेला? एक डाव तरी माज्या आदी तुमाला कलू दे. न्हायतर दिवालीला मी दुसरी कंपनी बघतय!"

नंदूशेठचा चहा तसाच राहिला. जयाताई गेल्या की त्यांच्यामागून अख्खा कोळीवाडा जाणार होता.

*

चूक सापडली. प्रोग्रॅम एका बॉक्सला "आहेस का?" असं विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसायचा. रेवसचा बॉक्स बंद पडला की पुढच्या सगळ्यांची चौकशीच रखडायची आणि स्क्रीनवर जुना हिरवा रंगच राहायचा.

सलीम म्हणाला, "पहिल्या टेबलाचा चहा पिऊन होईपर्यंत दुसऱ्याची ऑर्डर घ्यायची नाही, असं हॉटेल चालवून बघा एकदा!"

मग मी पद्धत बदलली. विचारायचं आणि पुढे जायचं. ज्याचं उत्तर येईल, त्याची तेव्हा दखल घ्यायची. ठरल्या वेळात आलं नाही, तर लाल.

*

उत्साहाच्या भरात मी सगळ्या बॉक्सना एकाच क्षणी विचारलं. स्क्रीन लालभडक!

"अहो, किनारा बुडाला का काय?" नंदूशेठ ओरडले.

काही बुडालं नव्हतं. आमच्याच प्रश्नांनी लाइन तुंबली होती.

सलीम म्हणाला, "तब्येत विचारायला सगळा गाव एकदम पेशंटच्या छातीवर बसवलात. तो बोलणार कसा?"

तेव्हापासून थोडे थोडेच प्रश्न सोडतो. एकाचं उत्तर आलं, की रांगेतला पुढचा.

*

नंदूशेठना स्क्रीनवरचं 'तपासा' हे बटण फार आवडतं. लिफ्ट लवकर यावी म्हणून लोक दाबत राहतात, तसं ते दाबतात. प्रत्येक दाबण्याला नवा प्रश्न, प्रत्येक प्रश्नामागे सलीमला नवा मेसेज. थळचा बॉक्स बंद पडला तेव्हा बाइकवर निघालेल्या सलीमचा खिसा सारखा वाजत होता. शेवटी बाइक थांबवून त्याने उत्तर पाठवलं :

"शेठ, बॉक्स एक आहे. मीपण एकच आहे!"

आता एक प्रश्न वाटेत असेल, तर बटण कितीही दाबा. तेच एक उत्तर सगळ्या दाबण्यांना मिळतं. नंदूशेठ अजून दाबतात. त्यांना बरं वाटतं.

*

एकदा सलीम नागावला एका गच्चीवर होता. मी फोनवर म्हटलं, "तो बॉक्स चालू दिसतोय की रे!"

"दिसत असेल," तो शांतपणे म्हणाला, "माझ्या मांडीवर आहे. वायर काढलेली."

आधीच्या फेरीतलं उशिरा आलेलं उत्तर प्रोग्रॅमने नव्या प्रश्नाला लावलं होतं. तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला नंबर दिला. नंबर जुळला नाही, तर उत्तर बाद.

*

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी स्क्रीनवर एकच लाल ठिपका उमटला. रेवदंडा, बर्फाचा कारखाना! शेजारचे सगळे हिरवे. प्रोग्रॅमने नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. उत्तर नाही. नंदूशेठचा हात बटणाकडे गेला. सलीमने तो वरच्यावर धरला.

मी फोन लावला. तिकडे फोन स्पीकरवर असावा; मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"जयाताई, तुमचं नेट गेलंय."

गलका एकदम थांबला.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"हे आत्ताच. तुमच्याकडचाच बॉक्स आहे. सलीम निघतोय."

मग जयाताईंचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"आयकला काय गो सगल्यांनी? आता लाव ती बॉक्साची पिन परत!"