तेरावा महिना

आम्ही आईची वाटणी तिथीनं केली होती आणि ती सूचना तिचीच होती. बाबा फाल्गुनात गेले. तेरवीची माणसं पांगल्यावर ती, दादा आणि मी असे तिघंच समोरासमोर बसलो. दादा नेरला, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. मी वणीला, कोर्टात कारकून, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. सहा महिने याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं, असं दादा म्हणाला आणि मी लगेच मान हलवली. आई म्हणाली, "तिथीनं करा बाप्पा. तुमचे इंग्रजी महिने मले समजत नाहीत."

मग चैत्र ते भाद्रपद दादाकडं आणि आश्विन ते फाल्गुन माझ्याकडं असं ठरलं. अदलाबदल पाडव्याला आणि घटस्थापनेला, दोघांच्या मधोमध म्हणून यवतमाळच्या स्टँडवर. खरं तर ते मधोमध नव्हतं. नेरहून तासाभराचा रस्ता आणि वणीहून अडीच-तीन तासांचा. हेही मी तेव्हा मनात धरून ठेवलं. मी असाच आहे.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. स्टँडवरच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं चहा घ्यायचो. ऑफिसात चार्ज देतात तसा दादा मला आईचा चार्ज द्यायचा. बीपीची गोळी सकाळी, पोटाची उपाशीपोटी, कवळी रात्री पाण्यात, डाव्या गुडघ्याला तेल, उजव्याला नको. आई हे सगळं मान खाली घालून ऐकायची आणि बशीतला चहा फुंकायची. मग मी तिची पिशवी उचलायचो.

तिसऱ्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण बाबा गेले त्या आधीच एक अधिक होऊन गेलेला, त्यामुळं वाटणीच्या वेळी तो कोणाच्याच डोक्यात आला नाही. दोन कारकून आणि एक पंचांग पाळणारी बाई, आणि तिघंही तेरावा महिना विसरलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्याकडं असा आला.

आषाढ संपता संपता दादाचा फोन आला. "यंदा अधिक धरून श्रावणातच माहे सहा महिने भरते. पोळा झाला की आईले घेऊन जाय."

मी म्हटलं, "भाद्रपदापर्यंत तुझे आहेत. तसंच ठरलंय."

"काहून? अधिक मोजायचा नसते काय?"

"अधिक श्रावण आणि निज श्रावण मिळून एकच श्रावण, दादा."

"मंग एकच डाव जेवू घालू काय तिले दोन महिन्यांत?"

पुढं महिनाभर आम्ही हेच केलं. दोघांचाही जन्म कागदावरच्या ओळीचा अर्थ लावण्यात गेलेला. मी आयुष्यात कधी पंचांग उघडलं नव्हतं, पण त्या महिन्यात वणीच्या गुरुजींकडं दोनदा जाऊन आलो. ते म्हणाले, हा मलमास, शुभकार्याला धरत नाहीत, मग वाटणीला कसा धरणार? दादानं नेरच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, तीस तिथ्यांचा महिना तो महिनाच, मोजायलाच हवा. दोघं गुरुजी आपापल्या यजमानाला धरून बोलले, यात त्यांचा काही दोष नाही.

खरं कारण कोणीच काढलं नाही. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पोळ्यानंतर नागपूरला ठरलं होतं. आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो, आम्हा नवराबायकोला गणपतीत मुलीकडं पुण्याला जायचं होतं, तिकिटं काढून झाली होती. साध्याच अडचणी होत्या. एकमेकांना सांगितल्या असत्या तर दहा मिनिटांत सुटल्या असत्या. पण अडचण सांगायची म्हणजे कमीपणा घ्यायचा. त्यापेक्षा पंचांग बरं.

दादाला कमी ऐकू येतं. त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे मला चांगलं माहीत होतं. आई बाजूच्याच खोलीत पोथी वाचत असायची. अधिकात केलेलं पुण्य दुपटीनं मिळतं, अशी तिची श्रद्धा. मधूनच तिच्या वाचण्याचा आवाज फोनमध्ये यायचा आणि मधूनच थांबायचा. तो थांबला की समजायचं, ती ऐकते आहे. तरी एकदा मी मोठ्यानं म्हणालो, "मी सहाच महिन्यांचा धनी आहे. सातवा तू बघ." पलीकडं पोथी थांबलेलीच होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दादाचा मेसेज आला. आईले साडेनऊच्या गाडीत बसवून देलं, कंडक्टरले सांगतलं, स्टँडवरून घेऊन जा. मी उलट लिहिलं, भाद्रपद संपायचा आहे, मी येणार नाही. बायको म्हणाली, "अहो, म्हातारं माणूस आहे. आधी घेऊन या, मग भांडा." मी म्हटलं, तू मध्ये पडू नको, दादाला मी ओळखतो, तो स्वतः जाऊन परत आणेल. तिकडं दादा मला ओळखत होता. हा भांडेल, पण आईला स्टँडवर ठेवणार नाही, अशी त्याची खात्री. आम्हा दोघांना एकमेकांच्या चांगुलपणाची एवढी खात्री होती की दोघंही घरी बसून राहिलो.

दीड वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतली बाई होती. वहिनीनं आईच्या पिशवीत दोघांचे नंबर लिहून ठेवले होते. "मोठ्या भाऊंले लावला होता, ते म्हन्ते लहाना निघाला. तुम्ही कुठपर्यंत आले?" मी म्हटलं, पोचतोच. आणि मग घरातून निघालो.

पोचायला पाच वाजले. आई अगदी शेवटच्या बाकावर होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. सकाळी साडेदहापासून ती तिथंच होती. चौकशीतली बाई खिडकीतूनच मला म्हणाली, "दोनदा चहा पाठवला, पन मावशीनं घेतला नाही." मी आईला विचारलं, पाणी तरी प्यायलीस का?

"नाही. पानी पेलं की उठा लागते. मी उठली अन् तेवढ्यात तू येऊन गेला असता तं?"

मी पिशवी घ्यायला वाकलो तर ती सोडेना. दोनदा ओढली तेव्हा सुटली. मग कळलं. पाणी न पिताही व्हायचं ते झालं होतं, लुगडं ओलं होतं आणि किती तरी वेळ ती त्यावर पिशवी धरून बसली होती. आयुष्यभर जिचा पदर कधी खांद्यावरून ढळला नाही, ती भरल्या स्टँडवर अशी बसली होती. मी तिला बायकांच्या बाजूला नेलं, बाहेर उभा राहिलो. ती लुगडं बदलून आली, जुन्याच लुगड्याचा कोरडा पदर घेऊन परत त्या बाकाशी गेली आणि बाक पुसू लागली. मी हात धरला तर म्हणाली, "लोकं बसते इथं." मग हळूच म्हणाली, "दादाले सांगू नको. सुनांले बी नाही." मी आजवर कोणाला सांगितलं नाही. दादालाही नाही. आज लिहितो आहे, कारण आता ती नाही आणि माझ्यानं हे एकट्यानं धरवत नाही.

वणीच्या गाडीत तिनं एकदाच विचारलं, "हा महिना कोनाचा लागला मंग?"

"माझा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

पुण्याची तिकिटं रद्द केली. बायकोनं कपाटाचा खालचा खण दर वेळेसारखा आईसाठी रिकामा केला. त्या खेपेपासून तिनं तो वापरला नाही. लुगडं पिशवीतून काढायची, नेसायची, धुऊन वाळवून घडी करून पुन्हा पिशवीत ठेवायची. दादाकडंही तसंच, असं वहिनीनं बायकोला सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभं राहणं बंद झालं. चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे आम्हीच सांगायचो. आम्ही सांगू तेव्हा ती उपास करायची. अदलाबदलीचा दिवस आला की पिशवी घेऊन दाराशी बसायची. मी यवतमाळपर्यंत सोबत जायचो, दादाही यायचा, चहा व्हायचा. गोळ्यांबद्दल आता दोघंही कागदावर लिहून द्यायचो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दीड वर्षानं माघात, माझ्याकडं असतानाच, ती वारली. दादा आला, खांदा दिला, तेरवीपर्यंत राहिला. निघताना म्हणाला, "तुह्याच पाळीत गेली." त्याला नेमकं काय म्हणायचं होतं, मी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही फक्त श्राद्धापुरते बोलतो.

यंदा पुन्हा अधिक आला, या वेळी ज्येष्ठात. लागला त्याच दिवशी दुपारी दादाचा फोन. तो आता चौऱ्याहत्तरचा आहे, आवाज बसलाय. इकडच्या तिकडच्या उन्हाचं बोलून झालं, वहिनीच्या दुसऱ्या गुडघ्याचं झालं. मग म्हणाला,

"अधिक लागला रे आज."

"हो."

"आई असती तं आता कोनाकडं असती?"

मला एवढंच म्हणायचं होतं, माझ्याकडं. तीन वर्षं हाच एक शब्द मी मनात घोळवत होतो. पण तोंडातून पटकन निघालं, "तुझ्याकडं. ज्येष्ठ तुझ्यातच येतो."

त्याचा फोन स्पीकरवरच होता. माझाच आवाज त्याच्या खोलीतून मला परत ऐकू आला.