तेलाचा थेंब अन् अकरा पावलं

भूतबित मी मानत न्हाई, आधीच सांगतो. राजूरमधी चाळीस वर्षं जळालेल्या मोटरी भरल्या, म्हंजे आतली तार काढून नवी गुंडाळली. मोटर फिरली तर त्याला कारण असतं, बंद पडली तरी असतं. शाळा सातवीपर्यंत, म्हणून लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या...

माझी पोरगी वैशाली पुण्याला प्रयोगशाळेत मोटरी बनवती. बोटाच्या पेराएवढ्या. आत ना तार ना गुंडाळी — गॅसच्या लायटरमधी असतो तसला खडा. लायटरमधला खडा दाबला की ठिणगी पडती. हिच्या खड्याला करंट दिला की तो जरासा फुगतो अन् पट्टीला एक पाऊल सरकवतो. पाऊल म्हंजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. अन् हे सगळं बर्फाहून लई थंड टाकीत — दुर्बिणीचा आरसा बराबर जागेवर धरायला.

दिवाळीला ती एक मोटर आईला दाखवायला घेऊन आल्ती. "पाणी उपसत न्हाई ती कसली मोटर?" म्हणून मी हसलो. ती अंघोळीला गेली अन् मी मोटरीची डबी उघडली. पट्टी कोरडी दिसली. आमच्या धंद्यात कोरडं दिसलं की हात तेलाकडंच जातो. सोडला एक थेंब.

बायकोनं, कमलनं, पाह्यलं. "अहो, सांगा तिला."

"एका थेंबानं काय होतं?"

पुण्यात टाकी थंड केली, तेल गोठलं, मोटर जाम. पोरगी फोनवर रडून राह्यली, "माझ्याच हातून काहीतरी राह्यलं असंल, आई." फोन स्पीकरवर होता. कमल माझ्याकडं बघत बसली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पंधरा दिवसांनी कमलला झटका आला. दवाखान्यात नेताना रिक्षात तिनं एवढंच इचारलं, "सांगितलं का?" तिचं शेवटचं बोलणं तेच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सगळ्या संसारात पहिल्यांदा चहा करायला उभा राह्यलो. कमलचा लायटर घेतला. टक... टक... गॅस काही पेटंना. वैशाली मागून म्हणली, "अण्णा, अकरा ठिणग्या झाल्या! आधी सिलिंडर तर उघडा." दोघंबी हसलो, मंग दोघंबी रडलो. तवाबी सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं.

ती पुण्याला गेली अन् तिसऱ्या दिवशी फोन. "अण्णा, ती जाम मोटर सरकलीय. टाकीत दुसऱ्याचं काम चालू होतं म्हणून टाकी थंडच होती, पण मोटरीच्या करंटच्या वायरी मी स्वतः काढून आल्ते. पट्टीची जागा मोजणारी वायर वेगळी, तिची कॉम्प्युटरवर नोंद आहे. तेरवीचा दुसरा दिवस, सकाळी साडेसहा. अकरा पावलं."

तिथंच फोनवर मी तेलाचं सगळं ओकून टाकलं.

ती मंग म्हणली, "मला माहीत होतं, अण्णा. आईनं सांगितलं होतं. म्हणली, तू इचारू नको, ते स्वतः सांगतील."

अन् हे माहीत असूनबी साहेबापुढं तिनं चूक स्वतःच्या अंगावर घेतल्ती.

अकरा पावलं कशी पडली, तिच्या साहेबालाबी सापडलं न्हाई. टाकी तपासली, वायरी तपासल्या. कोणाला ठाऊक असंल तर सांगा.

लायटर तिथंच फळीवर आहे. मी काडीपेटीनं गॅस पेटवतो. त्याला हात लावायची लाज वाटती.