पायाने चालू होणारी गाडी

काशीगावच्या बाजूला हायवेलगत गॅरेज असलेल्या एका माणसाने मला फसवलं. सॅम्पलच्या गाडीत लोखंडी सळी दाखवली, माझ्या गाडीत केबल घातली, आणि केबल ताणल्यावर दोष माझ्या हाताला दिला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी हळहळायला लागू नये. मला हळहळ नको आहे.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. कुबडी घेऊन चालते. बायकांचे गाऊन शिवून घेते आणि दुकानांना पुरवते. सुरुवातीला पेणकरपाड्यात खांद्याला पिशवी लावून दारोदार विकले. आता तिथेच माझा गाळा आहे, मशिनी आहेत, शिवणाऱ्या बायका आहेत. कापडवाले मला लांबून येताना बघूनच चहा सांगतात, कारण भाव उतरल्याशिवाय मी उठत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

गाडी घेतली ती उत्तन आणि चौक या कोळीवाड्यांतल्या दुकानांसाठी. गठ्ठे आणि कुबडी बघून रिक्षावाले म्हणायचे, "मॅडम, रिटर्न का भी लगेगा." आणि वर न विचारता काखेत हात घालून मला आत बसवायला यायचे. गाडी आल्यापासून मला कुणी उचललेलं नाही.

उजव्या पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मला नीट जमतात. अडचण फक्त क्लचची. त्यासाठी त्या काशीगावच्या गॅरेजवाल्याकडून गिअरशेजारी हाताचा लिव्हर बसवून घेतला. तो ओढला की क्लचचं पेडल खाली जातं. बसवताना अर्थातच भाव केला. त्याच्या आकड्यावर मी हसले, तो चिडला, मी कुबडी उचलून निघाले, त्याने परत बोलावलं. शेवटी हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्यापुढे हरलो. पण काम एक नंबर होणार." त्याने मला दुसऱ्या एका गाडीतली लिव्हर आणि पेडल जोडणारी सळी दाखवली, बोटाएवढी जाड. तशीच तुमच्यात टाकतो, म्हणाला.

काही महिने गाडी छान चालली. मग गिअर टाकताना आतून करकर यायला लागली. मी सांगितलं तर म्हणाला, "लिव्हर जरा जोरात ओढा, ताई." मग गाडी कधी चालू व्हायची, कधी नाही. गॅरेजात नेली की तो स्वतः सीटवर बसायचा, पायाने क्लच दाबायचा, किल्ली फिरवायचा, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. "बघा. काय झालंय हिला?" तरी मी बॅटरी बदलून घेतली. दोन दिवसांनी परत तेच.

घरी भाऊ म्हणाला, "ड्रायव्हर ठेव ना. हट्ट कशाला करतेस?" भाऊ वाईट नाही. पण ड्रायव्हर ठेवला की मी परत मागच्या सीटवर, गठ्ठ्यांशेजारी, अजून एक गठ्ठा. मी त्याला म्हटलं, "गाडी विकेन, पण मागे बसणार नाही." बोलले खरी, पण त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, खरंच माझ्या हातातला जोर गेला असेल तर?

मग चौकला गाडी बंद पडली. भर सकाळी, माल उतरवून झाल्यावर, जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यात. लिव्हर ओढला, किल्ली फिरवली, काही नाही. टक असा आवाजही नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. मागे बर्फाचा टेम्पो अडकला. टेम्पोवाला उतरून आला, म्हणाला, "सरका ताई," आणि मी कशीबशी पलीकडे सरकते तोवर आत बसून पायाने क्लच दाबून गाडी चालू केली. "चालू आहे की!" त्याने बंद केली, मी बसले, लिव्हर ओढला. परत मुकी. तोवर पाच-सहा जण जमले होते.

मी गॅरेजवाल्याला फोन लावला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर ठेवला, तीच चूक झाली. तो म्हणाला, "ताई, सगळ्यांच्या हातून चालू होते, फक्त तुमच्या हातून होत नाही. गाडीत काय नाय. तुमच्या हातात जोर नाय. ड्रायव्हर ठेवा ना, कशाला त्रास घेताय?"

टेम्पोवाला हसला. बाकीचेही हसले. एकजण म्हणाला, "ताई, गाडीला पण पुरुषाचा पाय लागतो!"

माझी गिऱ्हाईक मावशी दुकानाच्या पायरीवर उभी होती. माझे गाऊन विकते, तोंडाची फटकळ. ती त्याच्यावरच गेली. "तुझा पाय हाय ना, मंग बोटीवर ठेव जा. गारी तिची हाय, तुझी न्हाय."

मला हसू आलं नाही. मी त्या टेम्पोवाल्याच्या पायाकडे बघत होते. सगळ्यांच्या हातून चालू होते, असं फोनवरचा म्हणाला होता. पण हाताने कुणीच चालू केली नव्हती. प्रत्येकाने पायाने केली होती. आणि क्लच तळापर्यंत गेल्याशिवाय या गाडीच्या स्टार्टरला करंट जात नाही, हे मला गाडी घेतानाच सांगितलं होतं.

मी मावशीला म्हटलं, "मावशी, मोबाईलची बॅटरी लाव आणि खाली वाक. मी लिव्हर ओढते, पेडल कुठवर जातं बघ."

मी ओढला. पार शेवटपर्यंत, लिव्हर सीटला टेकला.

"खाली न्हाय गेला," मावशी म्हणाली. "दोन बोटं रायली."

मी कुबडी आत घेतली, तिचं रबरी टोक पेडलवर ठेवलं आणि लिव्हर सोडून पेडल त्या राहिलेल्या दोन बोटांसकट तळापर्यंत दाबलं. किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. मागे कुणीतरी शिट्टी मारली. टेम्पोवाला बाजूला झाला. मी त्याला म्हटलं, "पुरुषाचा पाय घरी विसरले होते, लाकडाचा चालला."

तशीच, गिअरची करकर ऐकत, थेट काशीगावला गेले. गॅरेजात गिऱ्हाइकं बसली होती, ते बरंच झालं. मी त्याला नेहमी दादा म्हणायचे. त्या दिवशी म्हटलं नाही.

"हे झाकण काढ," मी म्हटलं.

"ताई, चहा घ्या आधी."

"झाकण काढ."

लिव्हरखालचं काळं प्लास्टिकचं झाकण निघालं. आत सळी नव्हती. स्कूटरची जुनी क्लच केबल होती, मध्ये जोड देऊन वर काळी टेप गुंडाळलेली. ताणून ताणून लांबली होती. मी जेवढी जोरात ओढायची तेवढी ती लांब होत होती. म्हणजे जोर होता. तोच तिला खात होता.

"सळी कुठे आहे?"

त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "ताई, तुम्ही भाव केवढा पाडलात आठवा. त्या भावात सळी कशी बसणार?"

तिथे बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली, जणू आता मी अडकले. मी अडकले नाही. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि मला त्याची लाज नाही. परवडत नसेल तर नाही म्हणायचं. मलाही रोज कितीतरी जणांना नाही म्हणावं लागतं. पण हो म्हणून कॉटनचा भाव ठरवायचा आणि पाठीमागे पॉलिस्टर शिवायचं, असं मी केलं असतं तर चौकची ती मावशी मला पायरी चढू देईल का?

त्याने सळी बसवली. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. गाडी आता माझ्या हाताने चालू होते आणि भावाने ड्रायव्हरचा विषय काढणं सोडलं. गॅरेजवाला म्हणतो, "काम झालं ना ताई, मग आता कशाला बोलताय?"

बोलतेय, कारण त्याच्या भिंतीवर फोटो आहेत. हाताच्या लिव्हरच्या गाड्या, आणि प्रत्येकीपुढे तिचा मालक, कुणी कुबडीवर, कुणी व्हीलचेअरवर, सगळे हसताहेत. आता त्यालाच विचारते, त्यांच्या गाड्यांत तू काय घातलंयस? त्यांतल्या किती जणांना जोर नाही म्हणालास? किती जणांनी ते खरं मानून ड्रायव्हर ठेवला, किती जणांनी गाडीच विकली? एकेकाला फोन लाव आणि बोलावून झाकण काढून दाखव. मग चौकला ये. ज्यांना स्पीकरवर ऐकवलंस, त्यांच्यासमोर उभा राहून सांग की जोर कशात नव्हता. मी माल द्यायला दर आठवड्याला तिथे असते, स्वतःच्या हाताने गाडी चालवत जाते. उत्तर घेऊन ये.