फळ्यावरचं उत्तर

आचलला बंडूजींच्या पाठीची किळस यायची. माणूस वाईट नव्हता. पण गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि शर्टाला घामाचा आंबूस वास. देवळी गावाजवळच्या त्या शाळेत आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि आचलचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे. म्हणून शिपाई बंडूजी तिला रोज पाठुंगळी घेऊन अठरा पायऱ्या चढायचे. "पोरगी जड होऊन राह्यली," असं वर ऐकवायचे. तिला हात टेकत, बसून चढता-उतरता यायचं. पण त्याला वेळ लागतो, आणि शाळेला घाई! खाली एक ऐसपैस खोली होती, तिच्यात मोडके बाक रचलेले. वर्ग खाली घ्या, म्हणून आचलनं तीनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी वर्षाली मॅडमनी वर्गात एक बालकादंबरी शिकवायला घेतली. तिच्यातली मुलगी चाकाच्या खुर्चीत बसून अख्ख्या गावाशी भांडते, 'मला काय हवं ते मलाच विचारा' म्हणते. आचलनं ती दोनदा वाचली. जीव सुपाएवढा झाला. आता तरी मॅडमना कळेल, असं तिला वाटलं.

कळतंय कशाचं! मॅडमनी भांडण बाजूला ठेवलं आणि 'जिद्द' तेवढी उचलली. 'यातून तुम्ही काय शिकलात?' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमीसारखं फळ्यावर लिहून दिलं: 'मला देवाने दोन्ही पाय धड दिले. मी किती भाग्यवान आहे!' चाळीस पोरांनी मुकाट उतरवून घेतलं.

"मॅडम, हे मी कसं लिहू?" आचलनं विचारलं.

"फळ्यावर आहे तसंच लिही. वह्या तपासणीचे साहेब पाहणार आहेत."

तिनं लिहिलं. मॅडमनी न वाचताच बरोबरची खूण केली, दहापैकी दहा. त्या लाल खुणेचीच आचलला किळस आली. बंडूजींचा वास त्यापुढे बरा.

तपासणीला साहेब आले. मॅडमनी कौतुकानं आचललाच वही वाचायला सांगितली. अशी मुलगी पाहुण्यांना दाखवायला बरी असते. आचलनं खणखणीत आवाजात वाचलं, "मला देवाने दोन्ही पाय धड दिले..."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब तिच्या पायांकडे बघत राहिले.

"साहेब, हे माह्यं नाई, फळ्यावरचं हाये," आचल म्हणाली. "मले वर्ग खाली पायजे."

"वा! काय धीट पोरगी!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. फोटो निघाला. संपलं. शी! असल्या कौतुकावर थुंकावंसं वाटलं तिला.

साहेब निघायला आणि शाळा सुटायला एकच गाठ पडली. बंडूजी पाठ करून वाकले.

"नाई. मी माह्या हातानं उतरतो," म्हणत आचल सरपटत गेली आणि साहेबांच्या आधी जिन्यात बसली. जिना अरुंद. ती एक पायरी उतरली, दम घेतला, हात टेकून दुसरी उतरली. मागे साहेब खोळंबले, त्यांच्या मागे मुख्याध्यापक आणि मॅडम.

"अगं, बाजूला हो, साहेबांना उशीर होतोय," मॅडम दात-ओठ खात कुजबुजल्या.

"बाजूले जागा नाई, मॅडम."

नवव्या पायरीवर साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकराव्या पायरीवर ते वैतागले. "काय हो मुख्याध्यापक, खाली एखादी खोलीच नाही का?"

मुख्याध्यापक घसा खाकरेपर्यंत आचलनंच वळून सांगितलं, "हाये ना, साहेब. मोडक्या बाकांले देली."