कोटाच्या तळपट्टीतली चकती

आमच्या सासूबाई कोट शिवतात. तळमजल्यावर दुकान, त्याच्याच डोक्यावर राहायची खोली, आणि नाकावर माशी बसू देतील तर शपथ! सासरे गेल्यावर "आमच्याकडे राहायला चला" म्हटलं, तर म्हणाल्या, "मी काय कपाट आहे का, उचलून न्यायला?"

गेल्या हिवाळ्यात बाजारातून परतताना त्या रस्ता चुकल्या. एकदाच. पण आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, जवळ एक यंत्र ठेव, कुठे आहेस ते आम्हाला फोनवर दिसेल." सासूबाईंनी असं काही झापलं की विषयच संपला. म्हणजे मला वाटलं संपला. ह्यांनी आपल्याकडच्या किल्लीने वरची खोली उघडून आईच्या कोटाच्या तळपट्टीत, खालच्या दुमडलेल्या कडेत, नाण्याएवढी चकती गुपचूप शिवून टाकली. जन्मात कधी बटण लावलं नाही, आणि चालले शिवणाऱ्या बाईचा कोट उसवायला!

मग काय, दिवसभर फोनमध्ये डोकं. ठिपका इमारतीत, ठिपका बाजारात. एका सकाळी ठिपका नदीपलीकडे गेला आणि कॅन्सरच्या दवाखान्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. ह्यांनी फोन केला, "आई, कुठे आहेस?"

"कुठे असणार? दुकानात!"

ठिपका दवाखान्यातून हलला नव्हता. "माझ्याशी खोटं बोलतेय गं ती," म्हणत हे मटकन खाली बसले.

त्या रविवारी गेलो तर सासूबाई निम्म्या झालेल्या. खरंच सांगते, मला दिसल्या! गाल बसलेले, केस विरळ, जिना चढताना दम. त्यांना पाण्याचा ठसका लागला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं.

शेवटी ह्यांना राहवेना. आम्ही दुकानात गेलो तेव्हा सासूबाई इस्त्री करत होत्या. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ग्रंथपाल बाई नवऱ्याच्या पँटचं माप द्यायला त्यालाही घेऊन आल्या होत्या. ह्यांनी आगापीछा न बघता फोन आईपुढे धरला.

"आई, पुरे झालं नाटक. रोज सकाळी तू कॅन्सरच्या दवाखान्यात जातेस, आम्हाला सगळं कळलंय. तुझ्या कोटात चकती आहे."

"माझ्या कोटात?" सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "ते वजन? अरे, कोट नीट पडावा म्हणून तळपट्टीत वजन घालतात. ते एकाच कोपऱ्यात, वेड्यावाकड्या टाक्यांनी ठोकलेलं. कधी घातलं आठवेना, म्हटलं मलाच डुलकी लागली असेल. काढलं आणि ह्या बाईंच्या कोटाला लावलं. त्यांचा मागून उडत होता, म्हणून..."

बोलता बोलता त्यांची नजर बाईंकडे वळली.

बाई अंगातल्या कोटाची कड मुठीत धरून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. नवरा त्यांच्याकडे बघत होता. "कुठला दवाखाना? तू तर सकाळची ड्युटी लागली म्हणालीस."

आणि आमचे हे! "म्हणजे आई, तुला काही झालं नाहीये!" म्हणून रडत रडत आईच्या गळ्यात पडले. अहो, त्या बाईंसमोर! धरणीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाई जिन्याकडे वळल्या, मागोमाग नवरा. "अगं, बोल ना, कधीपासून?" हा त्याचा आवाज ते वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत ऐकू येत राहिला.

सासूबाईंनी मुलाचे हात सोडवले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गाल भरलेले, केस होते तेवढेच, चांगली ठणठणीत बाई! मग इतके दिवस मी काय पाहत होते? मला स्वतःचीच भीती वाटली.

"तिने कुणाला कधी सांगायचं, ते तिचं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल काही वाटलं तर मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं, आई. तू दुकानात आहे म्हणालीस."

"मग मी दुकानातच होते ना! तू माझं ऐकलं नाहीस. चकतीचं ऐकलंस."

सासूबाईंनी हात पुढे केला. "वरच्या खोलीची किल्ली दे."

हे हसायला गेले. हात तसाच होता. शेवटी ह्यांनी जुडग्यातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

"यापुढे बेल वाजवायची," त्या म्हणाल्या. "मी दार उघडलं, तरच आत यायचं."