सौंसरच्या स्पिरिटातली गाठ

"स्लाइड तपकिरी आली. पसरलेला कॅन्सर. रिपोर्ट लिहा," सर म्हणाले.

"नाही लिहिणार, सर."

नागपूरच्या आमच्या रिसर्च लॅबमध्ये अँटीबॉडी तेव्हा नवीनच आल्या होत्या. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक पेशी ओळखून तिला चिकटणारं द्रव्य. चिकटेल तिथे आम्ही तपकिरी रंग आणायचो. ही अँटीबॉडी अवयवांच्या अस्तराच्या पेशी ओळखणारी. तिगावच्या देवकाबाईंच्या मानेतली गाठ तिने रंगवली, तर रोग दुसरीकडून पसरलेला; तेव्हा त्यावर फारसा इलाज नव्हता. नाही रंगवली, तर लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर, असू शकत होता, आणि त्यावर औषध होतं. बाहेर बाकावर त्यांचे मालक बसलेले. "घरी नेऊ काय जी हिले?" हेच विचारत होते.

रंग सगळीकडेच होता, पेशींच्या मधल्या जागेतही. मला ते खटकलं.

"कंट्रोल बरोबर आलाय ना?" सर वैतागले. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा तुकडा. आमचा टॉन्सिलचा होता.

"तो फॉर्मलिनमध्ये टिकवलेला, सर. ही गाठ सौंसरहून स्पिरिटमध्ये आलीय."

सौंसर माझं गाव. बस धरली आणि गाठ काढणाऱ्या सर्जन काकांसमोर उभी राहिले.

"फॉर्मलिन संपलं होतं, म्हनून स्पिरिटात टाकली. सडू देऊ काय?" ते म्हणाले.

"नाही हो काका! आता टॉन्सिलचं ऑपरेशन कराल, ते टॉन्सिलही त्याच स्पिरिटात टाका."

"नागपूरले जाऊन येडी झाली काय व पोरी?"

पण टॉन्सिल दिलं. ते रंगवलं, तर ज्या पांढऱ्या पेशी कोऱ्या राहायला हव्यात, त्याही तपकिरी! अँटीबॉडी धडधडीत खोटं बोलत होती. मग मी ती पातळ करत गेले. "द्रव्य वाया घालवून राहिल्या तुम्ही," सर कुरकुरले. मी ऐकलं नाही. शेवटी टॉन्सिलचं फक्त अस्तर रंगलं. त्याच प्रमाणात देवकाबाईंची गाठ कोरी आली. पांढऱ्या पेशी ओळखणारी दुसरी अँटीबॉडीही आधी त्याच टॉन्सिलवर पारखली, मग गाठीवर घातली. गाठ रंगली. लिम्फोमा! सरांनी स्लाइड दोनदा पाहिली आणि रिपोर्टवर सही केली.

औषधं झाल्यावर देवकाबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. डोक्यावर नवे केस फुटले होते.

"काऊन जी मॅडम, माही गाठ अजून तुमच्यापाशीच हाय?"

"हाय न बाई."

"मंग ठेवा. मले नोको!"

अँटीबॉडीच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. ती आपल्याकडच्या कंट्रोलवरच तपासायची, आणि रुग्णाचा तुकडा ज्यात बुडवून आला असेल, त्यातच बुडवलेल्या.