गोमादाची कबुली

आमच्या वैशाखऱ्याच्या पाड्यावर भांडण कुणाचंही असो, म्हातारा गोमा "माझं चुकलं" म्हणायचा, दंडाचं बकरं द्यायचा आणि तंटा मिटायचा. मी चिडवायचो, "गोमादा, माझी बायको रुसलीय, तेवढं कबूल करा!"

अडतीस साली रानात एका पोलीस शिपायाचा खून झाला. फौजदार पाड्यावरच्या तरण्या पोरांना बडवू लागला, तसा गोमा पुढे झाला. "मीच मारला." खरं तर त्या दिवशी तो माझ्याच अंगणात बसून होता. मी ते सांगायला गेलो, तर त्याला मिळालेला वकील म्हणाला, "कबुली झालीय, आता काय!" कोर्टाने फाशी ठोठावली.

तुरुंगात भेटलो, तर गोमा म्हणतो, "पोरं सुटली ना? मंग तंटा मिटला. मला घरी कदी सोडतायत रे?"

"इचारून येतो," म्हणालो आणि बाहेर पडलो.